कोठारातली माती

लातूरच्या उज्वलाबाई उदगीरला गेल्या त्या एका डबीसाठी. दुसरं काही काम नव्हतं.

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. कुठल्याही जुन्या गावाला गेल्या की तिथली एकच वस्तू आणायची, पण ती त्याच गावात, तिथल्याच माणसाच्या हातची असली पाहिजे, हा त्यांचा जुना हट्ट. पुढच्या आठवड्यात त्या जर्मनीला लेकीकडे, अक्षराकडे निघाल्या होत्या. अक्षराच्या म्हाताऱ्या घरमालकिणीनं मुद्दाम निरोप दिला होता, तुमच्या भागातलं काहीतरी आणा, विमानतळावरचं नको. उज्वलाबाईंना असा निरोप म्हणजे बक्षीसच. पर्समध्ये एक लोहचुंबक, नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आणि कापूस टाकून त्या सकाळच्या एसटीत बसल्या.

किल्ला बघून झाला. बाहेर एका दुकानात बिदरीचं काम मांडलेलं होतं. काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी. दुकानदार म्हणाला, "बगा मॅडम, एकदम अस्सल." उज्वलाबाईंनी एक सुरई उचलली आणि चुंबक लावलं. चटकन चिकटलं.

"बिदरी जस्ताची असते. हे लोखंड आहे," त्या म्हणाल्या. मग कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये बुडवून बुडाशी घासला. बोळा काळा झाला. "आणि हा रंग आहे."

दुकानदार चिडला नाही. ओशाळून हसला. "मॅडम, आमच्याकडं हे ट्रकनं येतंय. अस्सलच पायजे असंल तर विरूपाक्षअप्पाकडं जावा. जुन्या कोठाराच्या गल्लीत, शेवटचं घर." आणि थोडं थांबून म्हणाला, "माल अस्सल हाय. बाकीचं काही इचारू नका."

बाकीचं विचारू नका म्हटलं की उज्वलाबाई हटकून विचारायच्या.

घर बुटकं होतं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत साठीचा एक माणूस मांडी घालून बसला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात बारीक छिन्नी. त्याच्या बायकोनं, सिद्धम्मानं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. फळीवर सातआठ वस्तू होत्या. उज्वलाबाईंची नजर एका गोल डबीवर गेली आणि तिथंच थांबली.

चुंबक चिकटलं नाही. बोळा पांढरा राहिला. नखानं चाचपलं, चांदीची तार कुठंही वर आली नव्हती. पण त्यांना खिळवलं ते त्या काळ्या रंगानं. अशी काळी बिदरी त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. वरचा उजेड त्यावर पडत होता आणि परत येत नव्हता.

"कुणी केली ही?"

"नक्षी माझी हाय, ताई," विरूपाक्ष म्हणाला. "बिदरला शिकलो मी, बारा वर्षं. पर काळं... ते माझं न्हाई."

"म्हणजे?"

"काळं मातीचं असतंय. जिथं कधी ऊन पडलं न्हाई, पाऊस पडला न्हाई, तिथली माती."

"माहीत आहे मला. तशा मातीत सोरा उतरतो. नवसागर घालून उकळली की जस्त काळं पडतं आणि चांदी तशीच राहते. मग ही माती कुठली?"

"समोरच्या कोठारातली."

"तुम्ही आणता?"

विरूपाक्षनं छिन्नी खाली ठेवली. उत्तर सिद्धम्मानं दिलं, दाराआडून.

"त्यांचे वडील आणायचे. संगप्पा. तीन वर्षं झाली, कोठारात उतरले ते वर आलेच न्हाईत. पोलीस आले, मोठे दिवे लावले, फरशी उकरली. दुसरी वाट न्हाई ताई तिथनं. माणूस न्हाई, चप्पल न्हाई, काईच न्हाई."

"आणि माती?"

"दर सोमवारी येतीय," विरूपाक्ष म्हणाला. "पहाटं दार उघडलं की उंबऱ्यावर गाठोडं. मी जिभेवर ठिवून बगतो. जशी पायजे तशीच असतीय."

"आम्ही त्यास्नी माती देऊ शकलो न्हाई," सिद्धम्मा म्हणाली, "आन् तेच आम्हाला माती देऊन राहिलेत."

उज्वलाबाईंना वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. कुणीतरी गावातलाच माणूस दयेपोटी आणत असेल. त्या उठल्या. "मला ते कोठार दाखवा. वस्तू कुठल्या मातीची आहे ते बघितल्याशिवाय मी घेत नाही."

विरूपाक्ष नको नको म्हणत होता, तरी आला. दुपारचे चार वाजले होते. ऊन असं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावलीतून हलत नव्हतं. कोठार म्हणजे काळ्या दगडाची जुनी इमारत. एकेकाळी उदगीरच्या पेठेचं धान्य तिथं साठायचं. एका दुष्काळात तिथं आसऱ्याला उतरलेली माणसं वर आलीच नाहीत, असं गावात सांगत. वरचा मजला कधीच पडला होता. खाली उतरणाऱ्या वीसएक पायऱ्या आणि त्यांच्या तळाशी एक बिनझडपेचं दार तेवढं उरलं होतं.

"मी हितंच थांबतो," विरूपाक्ष पहिल्या पायरीशी म्हणाला. तो दाराकडे पाठ करून उभा राहिला.

उज्वलाबाई मोबाईलची बॅटरी लावून उतरल्या. दहाव्या पायरीवर उकाडा संपला. पंधराव्या पायरीवर गल्लीचा आवाज संपला. आत ओल नव्हती, तरी गारवा होता, जुन्या धान्याचा कुबट वास आणि त्याखाली दुसरा, घरात फार दिवस पडून असलेल्या माणसाच्या अंथरुणाला येतो तसा. बॅटरीचा उजेड भिंतीपर्यंत पोचत नव्हता.

कुठूनतरी आवाज येत होता. खर्र... खर्र... कुणी खुरप्यानं सावकाश माती खरवडावी तसा.

घूस असेल, असं म्हणत त्या पुढं झाल्या. भिंतीच्या बुडाशी पांढरट मातीचा थर होता. त्यांनी चिमूटभर उचलली. विद्यार्थ्यांना त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या की प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालायचं नाही. तरी ती चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली. आधी खारट, मग कडू, मग जीभ गार पडली.

खरवड थांबली.

"खारट हाय?" मागून हळूच विचारलं गेलं.

"हो. चांगलीच खारट आहे," त्या म्हणाल्या. विरूपाक्ष धीर करून उतरला, याचं त्यांना बरं वाटलं.

"मग घे..."

त्यांच्या मोकळ्या हातात काहीतरी ठेवलं गेलं. जड, कापडात बांधलेलं. ठेवणारी बोटं त्यांच्या तळहाताला लागली. कोरडी होती, खडूसारखी.

त्या वळल्या. मागं कुणी नव्हतं. दूर वर, पायऱ्यांच्या माथ्यावर, उन्हात, विरूपाक्ष दाराकडे पाठ करूनच उभा होता.

उज्वलाबाई पळाल्या नाहीत. एकेक पायरी मोजून त्या वर आल्या. हातातलं गाठोडं पाहताच विरूपाक्ष पायरीवर बसला. धोतराच्या फाडलेल्या तुकड्यात बांधलेली माती होती ती. गाठ डाव्या हाताची होती.

"माझे अप्पा डावरे होते," तो म्हणाला. "ताई... काय म्हनाले?"

"माती खारट आहे का, ते विचारलं."

"माझं काही... इचारलं?"

त्यांना खोटं बोलता येईना. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग तो बोलायला लागला आणि तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं. त्या दिवशी जाण्याची पाळी त्याची होती. गुडघा दुखतोय म्हणून तो झोपून राहिला. गुडघा दुखत नव्हता. ऐंशीला टेकलेला बाप काही न बोलता खुरपं घेऊन उतरला. "मला भ्याव वाटायचं ताई खाली. लहानपणापासनं. अप्पाला ठावं होतं. म्हणून ते आणून देऊन राहिलेत. मी मरूस्तवर देतील."

उज्वलाबाई त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. जे झालं ते त्यांना कुठल्याही समीकरणात बसवता येत नव्हतं. पण समोर काय करायला हवं हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि तेवढं त्यांना आयुष्यभर पुरत आलं होतं.

"विरूपाक्ष, तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात?"

"माती देतात."

"मग द्या. मी येते बरोबर."

सिद्धम्मानं अंगणातल्या बेलाखालची मूठभर माती, त्याचीच पानं आणि विभूतीची वडी आणून दिली. नवऱ्याच्या पाठीवरून तिनं एकदा हात फिरवला. उज्वलाबाईंनी विरूपाक्षचं मनगट धरलं. साठीच्या त्या माणसाचा हात शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा घामेजला होता. दोघं उतरले.

खाली पुन्हा तीच खरवड चालू होती. खर्र... खर्र...

"अप्पा," विरूपाक्ष म्हणाला. "अप्पा... गुडघा दुकत नव्हता माझा."

खरवड थांबली.

"माती पुरं झाली अप्पा. घरात लई साठलीय. आता तुमी काम करू नका." त्यानं वाकून अंगणातली माती जमिनीवर सोडली, वर बेल ठेवला, विभूती ओढली. "मी तुमाला माती देऊन राहिलोय. आता निघा. हितनं बाहेर चला... चला सगळं सोडून."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग अंधारात, भिंतीच्या कडेकडेनं, सळसळ झाली. फार वेळ मांडी घालून बसलेली माणसं उठताना कपड्यांचा होतो तसा आवाज. तो डावीकडून आला, उजवीकडून आला, अगदी आतूनही आला. अंगावरून गार वारा गेला, एकदा, दोनदा, मग सतत. वटवाघळं, असं उज्वलाबाईंनी स्वतःला बजावलं. त्यांनी विरूपाक्षचं मनगट सोडलं नाही. वारा थांबल्यावर तो वास गेलेला होता. कोठार नुसतं कोठार झालं होतं, रिकामं.

"गेले," विरूपाक्ष म्हणाला. तो हुंदके देत होता आणि हसतही होता. "ताई, खरंच गेले. हलकं वाटून राहिलंय."

उज्वलाबाईंनाही वाटत होतं. आपण आज एक चांगलं, पक्कं काम केलं, असा ताठपणा त्यांच्या पाठीत आला होता. डबी घ्यायचीच, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

पायऱ्या चढताना त्यांची नजर खाली होती, पाय घसरू नये म्हणून. पायऱ्यांवर पिठासारखी धूळ होती. उतरतानाचे ठसे त्यांना ओळखू येत होते, आपल्या सॅण्डलचे आणि विरूपाक्षच्या वहाणांचे. त्यांच्यावरून, त्यांना पुसत, अनवाणी पावलं वर गेली होती.

एका माणसाची असती तर त्या थांबल्या नसत्या.

सगळी बाहेरच्या दिशेला होती. आत येणारं एकही नव्हतं. फताडी, फाटक्या टाचांची, एक पाय ओढत गेलेलं कुणी, दुसऱ्या बोटाशी जोडव्याची खूण उमटलेली बाईची पावलं. आणि त्यांच्या मधून, कुणाच्या तरी बोटाला धरून चालल्यासारखी, अगदी लहान. उज्वलाबाई मोजायला लागल्या. अठरापर्यंत आल्या आणि त्यांनी मोजणं सोडलं. 'बाहेर चला' हे एकट्या अप्पांनीच ऐकलं नव्हतं.

विरूपाक्ष डोळे पुसत पुढं चढून गेला होता. त्याला काही दिसलं नव्हतं.

वर उन्हात गल्लीची माती तापलेली होती. तिथं ती पावलं दोन दिशांना फुटली होती. एक जोडी, म्हाताऱ्या माणसाची, सरळ विरूपाक्षच्या घराच्या अंगणापर्यंत जाऊन बेलाच्या झाडाखाली संपली होती. बाकीची सगळी तिकडं गेली नव्हती. ती गल्लीच्या तोंडाशी वळली होती, उजवीकडे, एसटी स्टँडच्या रस्त्याला, जिथून उज्वलाबाईंची परतीची गाडी सुटणार होती.