डावी वहाण

अक्षया, दार लोटून घे गो. सांगतो, पण मधे हसायचं नाही. हे आमच्या धामापुरातल्या सत्यवानाचं. शेजारी आमचा, चाळीस वर्षांची ओळख.

त्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. मुंबईला डॉक्टरांनी जांघेतून आत कापडाची नळी बसवली. तिला खाली दोन फाटे, एकेक पायाला रक्त नेणारे. घरी सोडताना बजावलं, गोळी चुकवू नका, आणि पाय गार पडला तर तसेच उठून दवाखान्यात या. गोळी त्याने एकही चुकवली नाही.

बरा झाला म्हणून राखणदाराला वहाणा द्यायच्या होत्या. राखणदार रात्री गावाची शीव फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून आपण नव्या ठेवतो. दोन वर्षांपूर्वीची कार्तिक अमावास्या. दुपारी सत्यवान कट्टा गावच्या बाजारात जाऊन जोड घेऊन आला आणि ओसरीवर बसून डावी वहाण पायात घातली.

"अहो, देवाची ती! पायात कित्याक घालतास?" त्याची बायको जानकी ओरडली.

"माप बघतंय गो. एकच घातलंय. त्याका खंय कळतला?"

चार पावलं चालला. मग पुसली, आणि तिन्हीसांजेला तळ्याजवळ राखणदाराच्या घुमटीत जोड ठेवून आला.

रात्री साडेअकराला तो उठून बसला.

"जानके… माझो डावो पाय माका गावणा नाय."

पाय सापडत नाही म्हणतो, म्हणून तिने हात लावला. बर्फ. कातडी पांढरीफटक.

"गाडी सांगतंय. डॉक्टरान काय सांगितल्यान, आठवता मां?"

"डॉक्टर काय करतलो? माझा चुकला. आधी गाऱ्हाणा घालूचा लागतला."

ती मला उठवायला धावली, तेवढ्यात हा काठी टेकत निघालासुद्धा. पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं.

तळ्याच्या वाटेवर मागून आवाज यायला लागला. वहाणेचा. चट्… मग काही नाही. चट्… मग काही नाही. एकाच पायाचा.

हा थांबला. आवाज थांबला.

"देवा, चुकलंय. पदरात घे…"

त्याने हात जोडले.

चट्.

अगदी जवळ.

मी बॅटरी घेऊन पोचलो, तेव्हा तो घुमटीसमोर आडवा पडला होता. पाय निळा. घुमटीत एकच वहाण… उजवी.

गाडी मिळाली दोन वाजता. गोव्याला पोचेपर्यंत उजाडलं. नळीच्या डाव्या फाट्यात रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणला असता तर पाय वाचला असता. मांडीतून कापावा लागला. ते म्हणतात तसंच असेल. मी कुठे शिकलोय? मी आपला उशाशी बसून होतो. सत्यवान सारखा एकच म्हणत होता, "माझो पाय चलता हा रे… खंय तरी चलता हा."

सोळाव्या दिवशी त्याला घरी आणला. मी आणि जानकीने खुर्चीसकट उचलला. पायरीशी आलो…

तिथे ती होती. डावी वहाण. सोळा दिवसांत तळ झिजून भोक पडलेलं. चिखल ओला.

जानकी मागे सरली. सत्यवान बघतच राहिला.

मी वाकलो. आत बोटं घातली…

गरम होती.