तोतया गायिका

मागच्या जिन्यात गायिका थेट व्हायोलिनवाल्यावर आदळली. वाद्यवृंदात तो त्याच दिवशी आला होता, धड ओळखही नव्हती. बाहेर चाहते दार ठोठावत होते. आदल्या गावी त्यांनी प्रेमापोटी तिची बाहीच फाडून नेली होती. चाहत्यांचं प्रेम म्हणजे मधाचं पोळं… गोड खरं, पण अंगावर आलं की पळता भुई थोडी!

"तुमचा स्कार्फ द्या. आणि तो काळा चष्मा," तो म्हणाला. "मी पुढच्या दारानं जातो, तुम्ही मागच्या."

"आणि मिशी?"

"स्कार्फ तिच्यासाठीच तर हवाय!"

तेव्हापासून गावोगावी हाच खेळ. तो तिच्या गाडीत बसून गर्दीला हात हलवायचा, ती मागून निसटायची. मग जेवताना त्याच्या गमती.

"आज पुन्हा लग्नाची मागणी आली मला. बिचारा रडला हो!"

"मग? काय ठरवलंत?"

"थांबतोय… मनातलं माणूस विचारतंय का, बघतो."

ती मान खाली घालून हसायची, आणि घास हातातच राहायचा. भरल्या सभागृहात न अडखळणारी ती, इथे मात्र शब्दच फुटेना!

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम दुपारी संपला. उद्या तो दुसऱ्या वाद्यवृंदात जाणार होता. नेहमीसारखा तो स्कार्फ गुंडाळून पुढे गेला. ती मागच्या दाराशी पोचली आणि थबकली. आज आपण निसटलो, तर तोही हातचा निसटेल…

ती वळली. केस मोकळे सोडले, कुणाचा तरी ढगळ कोट चढवला, आणि पुढच्या गर्दीत घुसली.

"ए, ढकलू नकोस!" एक मावशी खेकसल्या. "आम्ही सकाळपासून उभ्या आहोत."

"मी अख्खा दौरा उभी आहे हो, मावशी!"

 वाट काढत तिनं गाडीची काच ठोठावली. काच बोटभर खाली आली.

"अहो, तुम्ही? ओळखतील ना कुणीतरी!"

"ओळखू देत. उद्या जाऊ नकोस."

त्यानं काळा चष्मा खाली सरकवला. "…काय म्हणालात?"

"नकोस म्हणाले. 'अहो-जाहो' परक्यांना. तुला नाही."

"एवढंच म्हणायला केवढा उशीर केलास गं!" त्यानं दार उघडलं आणि सरकून तिला जागा दिली.

"बघा, बघा!" मागून मावशी कडाडल्या. "रांग मोडणारीलाच गाडीत घेतलं!"