बर्फघराचं दार कुणी लावलं?

बाहेर सोलापूर असं तापलं होतं की होटगी रस्त्यावरच्या म्हशींनी दुधाऐवजी थेट चहाच दिला असता. आणि आत, नागप्पांच्या तिकीट काढून बर्फात खेळायच्या बर्फघरात, उणे आठ अंशांत रुद्राणी दाराला खांदा लावून उभी होती.

दार हलेना.

शाळेची सहल नुकतीच बाहेर पडली होती. आत उरले तिघं: हवेची यंत्रं तपासायला आलेली रुद्राणी, मालक नागप्पा आणि झाडलोट करणारी अंबुबाई. जाड पत्र्याच्या भिंती. मोबाईलला रेंज नाही.

"त्या रखवालदाराचं काम हे! जोतिरामचं!" नागप्पांचे दात वाजत होते. "आत्ता सगळ्या सहलीसमोर मी झापलं त्याला, म्हणून बाहेरून अडकवलं. सुटलो की पोलिसातच देतो बघा!"

"काय बोलताय मालक? त्यो झुरळ मारायच्या आदी त्याची माफी मागतोय," अंबुबाई म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते.

रुद्राणीनं आतली हिरवी मूठ फिरवली. सहज फिरली. खट्ट! आतला खटका सुटला. दार ढिम्म.

"झापलं कशाबद्दल?"

"अर्धा तास दार सताड उघडं ठेवलं त्यानं. सगळी गरम हवा आत!"

"अंबुबाई, दार लागल्यावर काय ऐकलंत?"

"कायबी न्हाय. रोज भित्ताड शिट्टी मारतंय, आज त्ये बी मुकं."

रुद्राणीनं मालकांकडे नीट पाहिलं. अंगात नुसता सदरा. हा माणूस चादर लपेटल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे.

"मालक, तुमची चादर कुठंय?"

"अय्यो, चादरीचं काय घेऊन बसलात? जीव चाललाय की!"

ती सजावटीच्या पुठ्ठ्याच्या हिमालयामागं शिरली. भिंतीत डोकं मावेल एवढं भोक होतं. त्यात चादर कोंबलेली, गोठून दगड झालेली.

"इकडं या दोघं. ओढा! ओढता ओढता ऐका. बाहेरून कडी लावलेली असती तर ही मूठ फिरलीच नसती. म्हणजे दार कुणी अडकवलंच नाही. आत आलेली गरम हवा गार झाली, आक्रसली. आतला दाब घटला. आता बाहेरची हवा पैलवानासारखी दार रेटून धरतेय. हे भोक त्यासाठीच ठेवलेलं. इथून हवा आत येते, दाब सारखा होतो. शिट्टी तिचीच. ती बंद केलीत तुम्ही, मालक."

"तुमी?" अंबुबाईनं ओढायचंच थांबवलं.

"थंडी बाहेर पळते वाटलं," नागप्पा पुटपुटले. "घरी एसी लावला की फटीत फडकी कोंबतोच की आपण..."

"ओढा!"

तिसऱ्या हिसक्याला चादर सुटली. अशी शिट्टी झाली की अंबुबाईची टोपी उडून छताला चिकटली. मे महिना संपेपर्यंत खाली आली नाही म्हणतात.

तिघं दाराकडे धावले. त्यांनी ढकलायच्या आधीच दार उघडलं आणि बाहेरून मूठ ओढत असलेला जोतिराम उताणा पडला. तळहातांची सालटं निघाली होती. सहलीची पोरं भोवती गोळा झालेली.

"मालक, बरं हाय न्हवं?" तो धापा टाकत म्हणाला. "कुणी कोंडलं वो तुमाला? नाव सांगा फकस्त!"

नागप्पांनी पोरांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग खाली बसून जोतिरामचा सोललेला हात हातात घेतला.

"मी," ते म्हणाले. मागच्या पोरांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.