माकडं कुणाकडे बघतात

वाटाड्याचा धाकटा भाऊ लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे आला, आणि आल्या आल्या हट्ट धरून बसला, डोंगर दाखव म्हणून. साऱ्या दुनियेला माथ्यावर नेऊन आणतोस आणि सख्खा भाऊ तेवढा परका काय? आता याला काय उत्तर देणार! निघाले दोघं सकाळीच. नव्या नवरीचा पाय मुरगळला होता, म्हणून ती खाली गेटापाशी तिकीटवाल्याच्या बाकावर बसून राहिली.

"दादा, यांना सांभाळून आणा हं," ती हसत म्हणाली. "यांचं लक्ष कधी जमिनीवर नसतं."

"काळजी करू नकोस. दुपारच्या चहाला तुझ्यासमोर आणून उभा करतो."

माथ्यापर्यंत सगळं छान झालं. वर मात्र धुकं उतरलं आणि धाकटा कुठल्याशा पाखराचा फोटो काढायला झाडीत शिरला, तो पंधरा मिनिटं गायब. वाटाड्याचा हाका मारून घसा बसला. मग पठ्ठ्या धुक्यातून हसत हसत बाहेर आला. "इथेच तर होतो की!" वाटाड्याने त्याला चार शब्द सुनावले आणि ते उतरायला लागले.

थोडं उतरले असतील, तोच कॉल सुरू झाले. कॉल म्हणजे धोक्याची हाक. बिबट्या दिसला की झाडावरचं माकड खाकरल्यासारखं ओरडतं, आणि ते जिथे बघतं तिथे बिबट्या असतो. बावीस वर्षं वाटाड्याचं पोट याच हाकेवर चाललं होतं.

"जवळ आहे का रे?" धाकट्याने विचारलं.

"असेल. आपल्या वाटेला जात नाही तो. चल."

पण कॉल त्यांच्याबरोबरच चालायला लागला. मागचं माकड गप्प झालं की पुढच्या झाडावरचं सुरू. वाटाड्याने वाट बदलली, ओढ्याच्या अंगाने घेतलं, परत वर चढून दुसरीकडून उतरला. जाईल तिकडे डोक्यावर तीच खाकर. तासभर झाला तरी खाली म्हणून सरकता येईना. धुक्यात ओल्या पाल्याचा कुजका वास भरून राहिला होता. शेवटी त्याने मान वर केली. एक माकडीण पिल्लाला पोटाशी घट्ट धरून खाली बघत होती. झुडपात वगैरे नाही. थेट पायवाटेवर, त्या दोघांकडे.

वाटेत पत्र्याची एक विश्रांतीची खोली होती. दोघं आत शिरले आणि वाटाड्याने कडी घातली. लगेच पत्र्यावर धपाधप उड्या पडल्या, आणि छपरावरून, खिडकीतून, दाराच्या फटीतून तो आवाज आत यायला लागला. धाकटा कोपऱ्यात बसून बुटात गेलेला खडा काढत होता. ती पंधरा मिनिटं हा कुठे होता?

"लहानपणी मी तुला काय म्हणायचो रे?"

"बोंबल्या..." धाकटा चिडून म्हणाला. "हे काय आत्ता? दादा... तू असा का बघतोयस माझ्याकडे?"

उत्तर बरोबर होतं, पण वाटाड्याला धीर येईना. हे खाली न्यायचं? त्या पोरीच्या शेजारी बाकावर बसवायचं? खात्री करायलाच हवी होती.

"तू बस. मी बाहेर बघून येतो."

तो दार लोटून घेऊन पन्नास पावलं चालला. आता ओरडा खोलीपाशी राहायला हवा. मागचा पत्रा शांत झाला... आणि त्याच्याच डोक्यावरची फांदी खाकरली. मग शेजारची. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या.

वाटाड्याने आपले हात उलटेसुलटे करून बघितले, छाती चाचपली. हात त्याचेच होते. त्याला रडू फुटलं.

"बोंबल्या!" तो लांबूनच ओरडला. "बाहेर ये. लाल खुणांनी सरळ खाली जा. माझ्याजवळ येऊ नकोस."

"आणि तू?"

"मला काम आहे. जा रे बाबा... ती वाट बघतेय."

धाकटा रडवेला होऊन निघाला. त्याच्यावर एकही माकड ओरडलं नाही. वाटाड्या दगडावर बसून राहिला. एक पाऊल खाली टाकलं की वरून खाकर, परत बसलं की शांत. आपण आता इथलेच, हे त्याने मनाशी कबूल केलं. निदान पोरं तरी सुटली.

तासाभराने त्याच्या लक्षात आलं, पाय अवघडले म्हणून आपण उठलो, चार पावलं खाली आलो आणि कुणीच ओरडलं नाही. वरचं माकड निवांत पाला खात होतं. त्याने वाटाड्याकडे बघितलं आणि जांभई दिली.

वाटाड्या धावत सुटला. हसत होता, ठेचकाळत होता. रेंज येते त्या वळणावर फोन वाजला. भावजय होती.

"दादा, हे केव्हाच पोचलेत हो. बरे आहेत, झोपलेत बाकावर..." तिचा आवाज एकदम खाली आला. तिच्यामागे शेकडो घसे खाकरत होते. "पण दादा... ही सगळी माकडं माझ्याकडे का बघतायत?"