पायांनी बघायचं घर

तीस वर्षं झाली, मी सोलमध्ये घरांच्या जमिनी तापवतो. बॉयलरमधलं गरम पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरवून परत आणायचं, एवढंच माझं काम. जिथे नळी नाही तिथे जमीन तापत नाही. या एका गोष्टीवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

म्हणूनच मोक से-आ नावाची ती तरुण आर्किटेक्ट नकाशा घेऊन आली तेव्हा मला हसूच आलं.

"मिस्त्रीकाका, हे घर डोळ्यांनी नाही, पायांनी बघायचं आहे."

"आणि भिंती काय, नाकाने?"

"न्हाणीघराच्या, हो. देवदाराच्या आहेत. वासावरून कळेल," ती गंभीरपणे म्हणाली. माझी चेष्टा तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

घर बांगमावशींचं होतं. वय अठ्ठ्याहत्तर, नजर पूर्ण गेलेली, टेकडीवरच्या चढ्या गल्लीत एकट्याच राहायच्या. जुनं घर पाडून त्याच जागी हे नवं उभं राहणार होतं. त्याचा नियम सोपा होता: चालायचं तिथे जमीन गरम, थांबायचं तिथे गार. अंथरुणापासून स्वयंपाकघर, तिथून न्हाणीघर, अशी दोन वीत रुंदीची गरम वाट. दारात मात्र गार काळा दगड, कारण त्याच्यापुढे गल्लीच्या त्रेपन्न पायऱ्या थेट खालच्या रस्त्यापर्यंत उतरतात. से-आ आठवडाभर डोळ्यांना पट्टी बांधून राहिली होती, हे सगळं ठरवण्यासाठी. कपाळावर दोन टेंगळं आली होती तिच्या. पोरगी कामाची होती, हे मी तेव्हाच कबूल केलं.

मावशींचा भाचा ते-रिम याला हा सगळा खटाटोप पसंत नव्हता. "आत्या एकदा जरी पडली ना, तर सरळ माझ्या फ्लॅटवर घेऊन जाईन. मग कोणाचं काही ऐकणार नाही," असं त्याने आम्हा दोघांना बजावलं होतं.

मावशींनी एकच गोष्ट विचारली. "मिस्त्री, चुलीलगतची जागा कुठे ठेवलीत?"

आमच्या जुन्या घरांत चुलीची आच जमिनीखालून फिरायची, त्यामुळे चुलीलगतची जमीन सगळ्यांत गरम असायची. घरचं कोणी बाहेर गेलेलं असलं की त्याची भाताची वाटी झाकून, गोधडी घालून तिथे ठेवायची. माझी आईही ठेवायची. मावशींचा मुलगा गिलसू एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी भांडून, न जेवता बाहेर पडला तो आलाच नाही. एकतीस वर्षं त्याची वाटी त्या जागेवर होती.

"आता तशी एक जागा नसते, मावशी. भात गरम ठेवायला विजेचा कुकर आहे की."

"त्याला कुकर कुठे माहीत?" त्या म्हणाल्या.

मी हसलो आणि नळ्या टाकल्या. ते हसणं आजही माझ्या कानात आहे.

घर पूर्ण झालं, मावशी राहायला आल्या, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला से-आचा फोन आला. दारातला दगड गार लागत नाही म्हणाली. मी तापमापक घेऊन गेलो. दगडाच्या मधोमध, माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा गरम होती. एकतीस अंश. सगळ्यांत जवळची नळी तिथून सात फुटांवर. बॉयलरचा दाब बरोबर, गळती कुठेच नाही. मी दगडावर उभा राहून नकाशा पाहत होतो, तेवढ्यात मावशी भिंत धरत आल्या.

"मिस्त्री, त्याच्या अंगावर पाय देऊ नका."

विचार करायच्या आधीच मी पाय मागे घेतला होता.

त्यांनी झाकलेली वाटी दगडावर ठेवली आणि शेजारी बसल्या. फार खुशीत होत्या. से-आ माझ्याकडे बघत होती, मी तापमापकाकडे.

चार दिवसांनी परत गेलो, ते ठरवूनच. भर दुपारी मावशींना आत गोधडीत बसवून बॉयलर बंद केला, पाणी काढून टाकलं, दारं-खिडक्या उघडल्या. बाहेर उणे आठ होतं. तासाभरात घर असं गारठलं की तोंडातून वाफ निघायला लागली.

मग मोजायला लागलो.

गरम वाट बारा अंश. स्वयंपाकघर अकरा.

दगड एकतीस.

दार उघडंच होतं. बाहेरच्या पहिल्या पायरीवर बर्फ साचला होता. त्यात दोन पावलांएवढी जागा कोरडी होती. दुसऱ्या पायरीवरही. तिसरीवरही.

मागे भांड्यावर झाकण किणकिणलं. मावशी अनवाणी, वाटी घेऊन, अजिबात न चाचपडता माझ्या शेजारून निघाल्या होत्या. त्यांचा एक पाय पायरीवर पडला होता. मी दोन्ही हातांनी त्यांना मागे ओढलं. आम्ही दोघंही दगडावर पडलो. भात सांडला.

"जिथे गरम तिथे चालायचं, तुम्हीच शिकवलंत ना?" त्या रडत म्हणाल्या. "घरात जागा ठेवली असतीत, तर तो बाहेर कशाला गेला असता?"

मीच ते-रिमला फोन केला. त्याच संध्याकाळी तो त्यांना सोळाव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी घर बंद करायला गेलो. दगड उणे दोन. पायऱ्यांवर सगळीकडे बर्फ. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बाई वाचली, असं से-आला म्हणालोसुद्धा.

मंगळवारी दुपारी जेवत होतो तेव्हा ते-रिमचा फोन आला. आवाजात मजा होती.

"मिस्त्रीकाका, तुमच्या धंद्यातली माणसं कमालच करतात हं. आमच्या बिल्डरने बाल्कनीतही नळ्या टाकल्यात. चार वर्षं राहतोय, पत्ताच नव्हता. आत्याने शोधून काढलं."

बाल्कनीखाली कोणी नळ्या टाकत नाही.

"कुठपर्यंत गरम आहे?"

"एकेक फरशी सोडून. पार बाहेरच्या काचेच्या खिडकीपर्यंत."

"मावशी कुठे आहेत?"

"तिथेच की. सकाळपासून वाटी घेऊन बसली होती, आत्ता उठली."

"ते-रिम, आधी त्यांना धर. खिडकी—"

फोनमध्ये सरकती काच उघडल्याचा आवाज आला. मग वारा.

"अहो, ऐका तर," तो हसत म्हणाला. "हात बाहेर काढून बघतेय. म्हणते, पुढेही गरमच आहे."