मिठीचं माप

तो माझ्या शिवणाच्या दुकानात शिरला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून वाचला. नाहीतर मी नक्की फिसकन हसले असते. भर उन्हात हा उंच माणूस एक जाडजूड लष्करी कोट तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन उभा होता.

"हा आत घ्यायचाय," तो म्हणाला. "पण या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

मी टाचण्या काढल्या. "कुणाच्या कानाला?"

"आजोबांच्या."

आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पलटणीतले उरलेसुरले सोबती रविवारी भेटणार होते, आणि ही भेट बहुधा शेवटचीच. पण आजोबा अडून बसलेले. कोट अंगावर लोंबतो, अशा गबाळ्या अवतारात मी सोबत्यांपुढे उभा राहणार नाही, म्हणे. आणि मापाचं नाव काढलं की गरजायचे, "मी होतो तेवढाच आहे!"

"मग माप कसं घ्यायचं?"

"घेतलंय." त्याने दोन्ही हात हवेत गोल धरले. "एवढं. सकाळी मिठी मारली त्यांना."

"मिठीचं माप आमच्याकडे चालत नाही."

"मग... काय चालतं? ते करतो."

भलताच होता की! मी टेप त्याच्या हातांच्या गोलातून फिरवली. तो श्वास रोखून उभा.

"श्वास घ्या," मी म्हटलं. "माप आजोबांचं आहे, तुमचं नाही."

मग तो रोज येऊ लागला. आज छातीची मिठी, उद्या कमरेची. त्याची वाट बघताना माझी शिवण वाकडी जायची. एकदा मात्र त्याचे गोल धरलेले हात हळूच खाली आले. "लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून फिरायचो," तो म्हणाला, "आता जवळ घेतलं की नुसती हाडं लागतात गं..."

तो 'गं' दोघांनीही ऐकला. दुरुस्त कुणीच केला नाही.

शनिवारी कोट घेऊन तो ऐटीत गेला, आणि थोड्याच वेळात पडेल चेहऱ्याने परत आला. कोट अंगाला चपखल बसला होता, पण डावा खांदा खाली झुकलेला. आजोबांनी आरशात पाहिलं, कोट उतरवला आणि म्हणाले, मी येत नाही.

मला एकदम आठवलं. कोटाच्या डाव्या खांद्याचं पॅड मुळात दुप्पट जाड होतं. कुणा धांदरट शिंप्याची चूक समजून मीच ते काढून दोन्ही खांदे सारखे केले होते. मिठीत खांद्याचा उतार कसा कळणार? चिंध्यांच्या ढिगातून ते पॅड शोधलं, दुकान बंद केलं आणि त्याच्या मागे गाडीवर बसले.

आजोबा खिडकीशी बसले होते. मी पॅड त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते अंगठ्याने चाचपलं.

"एका जखमी दोस्ताला खांद्यावरून आणलं, तेव्हा हा खांदा गेला," ते म्हणाले. "बरा झाल्यावर त्यानेच हे आत शिवून दिलं. मागच्या वर्षी तो गेला."

"आजोबा, चुकलं माझं." मला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय? शिव परत." मग नातवाकडे पाहत म्हणाले, "आणि हा गाढव! मोठा झाल्यापासून कधी जवळ यायचा नाही, तो रोज मिठ्या मारतोय. मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"बरं वाटत होतं रे."

मी तिथेच बसून, जुन्याच टाक्यांच्या भोकांतून सुई घालत ते पॅड परत शिवलं. तो समोर दिवा धरून बसला होता. दिव्याची तशी गरज नव्हती.

रविवारी आजोबांनी मलाही बरोबर नेलं. हॉलच्या दाराशी एक म्हातारे सैनिक येणाऱ्यांची नावं लिहीत होते.

"फक्त घरची माणसं," ते म्हणाले. "ही कोण?"

आजोबा नातवाकडे बघू लागले. "सांग."

तो कानापर्यंत लाल. "ही... म्हणजे... अजून मी तसं विचारलेलं नाही..."

"मग विचार ना! मागे रांग खोळंबलीय."

तो माझ्याकडे वळला. ओठ हलले, आवाज काही फुटेना. मला त्याची दया आली — आणि खरं सांगायचं तर मलाही धीर नव्हता.

"लिहा," मी त्या सैनिकांना म्हटलं, "नातसून."

आजोबा ताठ खांद्यांनी आत गेले. बसलेले सगळे म्हातारे काठ्या टेकत, एकमेकांना धरत उठले, आणि थरथरते हात सलामीला वर गेले. आजोबांनीही सलाम ठोकला. माझा हात घट्ट धरून तो रडत होता, आणि मी त्याला रडू दिलं.