झाकण लावलेला कॅमेरा

दुपारची जेवणं आटोपली आणि तिने कॅमेऱ्याच्या तोंडाला झाकण लावून तो फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला. लांबच्या तारकागुच्छांचे फोटो काढायचे, तर हीही उस्तवार करावी लागते. गच्चीवरच्या फोटोत ताऱ्यांसोबत कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपकेही उमटतात. रात्रीच्या तेवढ्याच गारव्यात, झाकण लावून पुन्हा फोटो काढले, की नुसते ते ठिपके हाती लागतात आणि खऱ्या फोटोतून वजा करता येतात.

"आज संध्याकाळी कॅमेऱ्याची भाजी का गं?" ताटं विसळता विसळता नवऱ्याने विचारलं.

"हो. मीठ तेवढं तू बघ."

ठकी खळखळून हसली. पावणेदोन वर्षांची झाली तरी लेक नुसती हसायचीच. तोंडातून एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले होते, वाट बघा. आई बघत होती. ठकी झोपली, की तिच्या ओठांकडे बघत बसायची.

फ्रिजच्या दारातून बाहेर काढलेल्या वायरीवरून एकेक फोटो कॉम्प्युटरवर येऊ लागला. पहिल्यातच मधोमध चिमूटभर ठिपके. काल गच्चीवरून टिपलेला तोच गुच्छ!

"झाकण विसरलीस, वेंधळे," नवरा मागून डोकावत म्हणाला.

तिने उठून पाहिलं. झाकण घट्ट बसलेलं होतं.

तिसऱ्या फोटोत गुच्छ मूठभर झाला. पाचव्यात ओंजळभर. कॅमेऱ्याचे ठिपके जागचे हलत नाहीत, आणि वाढत तर मुळीच नाहीत. कॉम्प्युटर गंडला असेल, असं म्हणत तिने मान वळवली.

ठकी फ्रिजसमोर बसली होती. दारावर तळवा टेकवून.

"ये," ठकी म्हणाली.

अगदी स्पष्ट.

नवऱ्याच्या हातातली ताटली खणकन पडली. "बोलली! अगं, बोलली!"

आईने तिला उचलून पटापट मुके घेतले. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "कोणाला बोलावतेस गं बये? दुधाला?"

आठवा फोटो आला. या कडेपासून त्या कडेपर्यंत तारेच तारे.

नववा आला. मिट्ट काळा.

"बघ, झाला की नीट!" नवरा म्हणाला.

ठकी आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिची नजर फ्रिजच्या दारावरून निघाली, कुणाच्या तरी पावलापावलाने सरकत खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबली.

ठकीने हसून हात पुढे केला.

"बस."